सूर्याचे भाऊबंद आणि त्यांचे मोजमाप

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले की, ज्याचा जन्म महागाई भत्ता, बोनस आणि हजेरीपट यांचे हिशेब करण्यात गेला, त्याने ताऱ्यांच्या वाटेला का जावे? प्रश्न रास्त आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही थोडेफार शिकलो ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. पण कामगार चळवळीने एक गोष्ट मात्र पक्की शिकवली. भांडण मजुरीचे असो वा भत्त्याचे, ते अखेर मापापाशी येऊन थांबते. माप कोणी ठरवले, कशाचे घेतले, किती काळ घेतले आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे चार प्रश्न विचारल्यावाचून कोणताही आकडा आम्ही मान्य करत नाही. ताऱ्यांच्या तेजाचा इतिहास वाचताना हेच चार प्रश्न आमच्यासमोर उभे राहिले. आज जे सांगणार आहोत, ती त्यांची उत्तरे आहेत.

उद्या सूर्य उगवेल की नाही, अशी शंका कोणी घेत नाही. तो आज जसा तळपतो तसाच उद्याही तळपेल, हे धरूनच शेतकरी पेरतो आणि मिठागरवाला पाणी अडवतो. पण हा भरवसा आपण मोजून घेतला आहे काय? सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. दुर्बिणीतून त्याचे डाग पाहू लागल्याला माणसाला जेमतेम चारशे वर्षे झाली. साठ वर्षांच्या एखाद्या गृहस्थाकडे अवघी पावणेतीन मिनिटे पाहावे आणि त्याचे बालपण, स्वभाव व पुढची प्रकृती सांगावी, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय एकच. गिरणीचा भोंगा झाला की दरवाजातून कोवळे उमेदवार, ऐन भरातले कामगार आणि निवृत्तीला टेकलेले म्हातारे सारेच बाहेर पडतात. ती रांग नीट पाहिली म्हणजे एका कामगाराचे सारे आयुष्य दहा मिनिटांत उमगते. सूर्याचेही तसेच आहे. त्याच्याएवढ्याच वस्तुमानाचे, त्याच्यासारखेच सुमारे साडेपाच हजार अंश तापमानाचा पृष्ठभाग असलेले तारे आकाशात पुष्कळ आहेत. काही नुकते जन्मले आहेत, काही सूर्याच्या वयाचे आहेत, काही त्याहून जुने आहेत. त्यांतला सर्वांत जवळचा आपल्या परिचयाचा आहे. वैशाखात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर त्रिशंकूच्या पूर्वेला, क्षितिजाच्या थोडा वर एक ठळक तारा दिसतो. तो मित्र. नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा हा तारा वस्तुतः जोडतारा आहे आणि त्यातील मोठा सूर्याचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. त्याचे अंतर सुमारे ४.४ प्रकाशवर्षे.

तेव्हा सूर्याला एकट्याने पाहू नये, भाऊबंदांच्या रांगेत उभा करून पाहावे. पण रांगेत उभे करायचे तर सर्वांना एकच माप लावले पाहिजे. ते माप कसे घडले ते आधी पाहू.

प्रतींची मोजपट्टी

ताऱ्यांच्या प्रती लावण्याची रीत ग्रीकांची. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या हिप्पार्कसकडे परंपरा तिचे श्रेय देते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली, तीत सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे असे सहा वर्ग आहेत. पुढची सतराशे वर्षे हे काम नजरेच्या अंदाजाने चालले. एकाची तिसरी प्रत ती दुसऱ्याची चौथी. बाजारात प्रत्येक दुकानदाराचा शेर वेगळा असावा, तशी अवस्था होती.

ही अवस्था संपवली नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाने. १८५६ साली, ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ वेधशाळेत असताना, त्यांनी सुचवले की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक धरावा. मग एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पटींचा होतो. येथे बेरीज नाही, पट आहे, हे ध्यानात घ्यावे. आपला डोळा फरक ओळखतो तो पटीने. आमच्या मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही. दहा रुपये रोज मिळवणाऱ्याला एक रुपया वाढ झाली तर घरात साखर येते. हजार रुपयेवाल्याला तोच रुपया कळतही नाही. या पट्टीवर सूर्याची प्रत उणे २६.७ भरते. तोच सूर्य ३२.६ प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला तर पाचव्या प्रतीच्या आसपास येईल आणि शहराच्या दिव्यांत दिसणारही नाही. एवढा तो सामान्य आहे.

पॉगसन यांचा पुढचा सारा काळ हिंदुस्थानात गेला. १८६१ पासून १८९१ साली मरण येईपर्यंत ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे मुख्य मदतनीस म्हणून काम करीत. १८६७ साली त्यांनी दक्षिण आकाशातील एका ताऱ्याचे तेज कमीजास्त होते हे शोधून काढले. असा शोध नावावर नोंदला गेलेले ते पहिले भारतीय. पॉगसन यांची कन्या इसिस याही तेथेच १८७३ पासून मदतनीस होत्या. जगाने पट्टी पॉगसनच्या नावाने ओळखली, ते योग्यच झाले. पण रात्रीमागून रात्री ती पट्टी लावणारे हात अनेकांचे होते, आणि वेधशाळांच्या इतिहासात ते हात शोधावे लागतात.

पंचवीस सेंटांची मजुरी

असे सर्वांत अधिक हात एकत्र आले ते अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत. १८७७ साली एडवर्ड पिकरिंग तेथे संचालक झाले आणि त्यांनी आकाशाचे तेज मोजण्याचा कारखानाच काढला. कारखाना हा शब्द आम्ही जाणून वापरतो. रात्री दुर्बिणीवर पुरुष फोटोच्या काचा घेत. दिवसा त्या काचांवरील हजारो ठिपके भिंगाखाली तपासून वहीत उतरवण्याचे काम स्त्रिया करीत. त्यांना गणक म्हणत. मजुरी ताशी २५ सेंट. गिरणीतल्या बाईपेक्षा थोडी बरी आणि कचेरीतल्या कारकुनापेक्षा कमी, अशी ती होती.

त्यांतील विल्यमिना फ्लेमिंग या पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून लागल्या होत्या. नवऱ्याने टाकलेली ही स्कॉटिश बाई १८८१ साली वेधशाळेत कायम झाली आणि पुढे सर्व गणक स्त्रियांची प्रमुख झाली. १९०० सालच्या तिच्या दैनंदिनीत नोंद आहे की, तिला वर्षाला १,५०० डॉलर मिळतात आणि काही पुरुष मदतनिसांना २,५००. आणि याबद्दल बोलू गेले तर बायकांच्या मानाने हा पगार उत्तम आहे असे ऐकवले जाते. हे ऐकून आमच्यातल्या पुष्कळ भगिनींना वाटेल की ही नोंद कालचीच आहे.

ॲनी जंप कॅनन यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्ग लावले. सूर्य कोणत्या वर्गात आणि त्याचे भाऊबंद कोण, हे ज्या वर्गवारीवरून आज ठरते ती त्यांचीच. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या सूचीत २,२५,३०० तारे आहेत. हेन्रिएटा लेव्हिट यांनी ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांची तेजाची शिडी तयार केली. फोटोवरून तेज मोजताना जगाने तीच प्रमाण मानली.

येथे ध्रुवाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिकरिंग यांनी डोळ्याने तेज मोजण्याचे जे यंत्र केले, त्यात प्रत्येक ताऱ्याची तुलना ध्रुवाशी केली जाई. कारण तो जागचा हलत नाही आणि रात्रभर हाताशी असतो. आपल्याकडेही अढळपद म्हटले की ध्रुवच. परंतु १९११ साली हर्ट्झस्प्रुंग या डॅनिश शास्त्रज्ञाने सिद्ध केले की ध्रुवाचे स्वतःचे तेज सुमारे चार दिवसांच्या फेऱ्यात थोडे थोडे कमीजास्त होते. ज्याला वजन म्हणून तराजूत घातले, तेच वजन हलत होते. म्हणून माप तपासणारे दुसरे माप नेहमी हवे. आमच्याकडे निर्देशांकाच्या टोपलीत कोणत्या वस्तू घातल्या यावर वर्षानुवर्षे वाद होतात, ते उगीच नाहीत.

प्रभामंडल आणि अग्निबाण

इथवर बोललो ते डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल. आता न दिसणाऱ्याकडे वळू. खग्रास ग्रहणात सूर्यबिंब झाकले गेले म्हणजे त्याच्याभोवती मोतिया रंगाचे प्रभामंडल दिसते. १८६९ च्या ग्रहणात त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती पृथ्वीवरील कोणत्याच द्रव्याशी जुळेना, म्हणून शास्त्रज्ञांनी एक नवे मूलद्रव्य कल्पून त्याला कोरोनियम असे नावही देऊन टाकले. सत्तर वर्षांनी, १९४० च्या सुमारास, ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी उलगडा केला. नवे द्रव्य वगैरे काही नव्हते, ते आपले लोखंडच होते. पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. लोखंडाची अशी दशा व्हायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते. चुलीपाशी हात शेकावा आणि चार हात दूर गेल्यावर तो करपावा, तसा हा चमत्कार. साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागावर दहा लाख अंशांचे वातावरण!

इतका तप्त वायू क्ष-किरण फेकणारच. पण रंटगेन यांनी १८९५ साली शोधलेले हे किरण आकाशातून जमिनीपर्यंत पोचत नाहीत. आपली हवा ते वरच्यावर शोषून घेते. ही हवेची कृपाच. मात्र मोजायचे तर हवेच्या वर जाणे भाग होते, आणि तेथवर जाणारे एकच वाहन त्या वेळी होते: जर्मनांचा व्ही-२ अग्निबाण.

हा अग्निबाण कोणी बांधला ते आम्ही येथे सांगणारच. हार्ट्झ पर्वताच्या पोटातील बोगद्यांत डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून तो बांधून घेतला गेला. त्या छावणीत सुमारे ६०,००० माणसे गेली आणि सुमारे २०,००० परत आली नाहीत. युद्धानंतर त्या बाणांचे सुटे भाग अमेरिकेने उचलून नेले. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून १९४८ साली अशाच एका बाणातून फोटोची फिल्म पाठवली तेव्हा सूर्याच्या क्ष-किरणांची पहिली खूण मिळाली. आणि २९ सप्टेंबर १९४९ रोजी हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गायगर मोजणीयंत्रांनी ते किरण निर्विवाद मोजले. ज्ञान निर्मळ असते असे म्हणतात. ते ज्या गाडीतून येते ती तशी असतेच असे नाही, आणि त्या गाडीचा हिशेब इतिहासाने सोडून देऊ नये.

सूर्याचे क्ष-किरण मोजता आले, म्हणून भाऊबंदांचे मोजता येतील असे नव्हे. मित्र तारा सूर्यापेक्षा सुमारे पावणेतीन लाख पट दूर आहे. अंतर दुप्पट झाले की तेज चौथाई होते. या न्यायाने तोच सूर्य मित्राच्या जागी ठेवला तर साडेसात हजार कोटी पटींहूनही अधिक फिका दिसेल. त्यामुळे सूर्यासारख्या ताऱ्यांचे क्ष-किरण सापडतील अशी आशा थोड्यांनाच होती. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्राचे क्ष-किरण शोधण्यासाठी एक अग्निबाण सोडला. त्याला वृश्चिक राशीत एक अतिप्रखर उगम सापडला. तो मात्र सूर्याच्या जातीचा नव्हता. पुढे कळले की न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळणाऱ्या वायूची ती धग आहे. साध्या ताऱ्याच्या प्रभामंडलाचा पहिला पुरावा ब्रह्महृदयाने १९७४ साली दिला, आणि मित्राचे क्ष-किरण १९७८ च्या सुमारास एका उपग्रहाने टिपले.

तिरप्या आरशांची दुर्बीण

क्ष-किरणांची दुर्बीण करणे फार कठीण. साध्या आरशावर ते परावर्तित न होता आत शिरून जिरतात. पण तळ्यावर चपटा दगड अगदी तिरपा फेकला तर तो टप्पे घेत जातो, तसे क्ष-किरण आरशाला अगदी घासून गेले तर वळतात. म्हणून या दुर्बिणीचे आरसे परातीसारखे नसतात, नळकांड्यासारखे असतात. १९५२ साली जर्मनीत वोल्टर यांनी त्यांची भूमिती मांडली. १९७३-७४ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकावरून अशा आरशांनी सूर्याची चित्रे घेतली, तेव्हा प्रभामंडल म्हणजे एकसारखी धग नसून चुंबकीय कमानींचे रान आहे हे उघड झाले. १३ नोव्हेंबर १९७८ रोजी आइन्स्टाइन वेधशाळा नावाचा उपग्रह वर गेला, आणि अशी पुरी दुर्बीण प्रथमच ताऱ्यांकडे वळली.

या दुर्बिणीत तेज तोलले जात नाही, मोजले जाते. क्ष-किरणांचा एकेक कण येतो आणि त्याची वेगळी नोंद होते. फिक्या ताऱ्याकडून तासाभरात मोजकेच कण यायचे. अशा नोंदी गोळा करून सिसिलीचे सुपुत्र ज्युसेप्पे वायाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली निकाल मांडला, आणि तो सर्वांना चकित करणारा होता. जवळजवळ सर्व जातींचे तारे क्ष-किरण फेकतात. शिवाय जे तारे साध्या प्रकाशात जुळे भाऊ वाटतात, ते क्ष-किरणांत शंभरपट, हजारपट वेगळे असू शकतात.

हा फरक कशाने? त्याच वर्षी पल्लाविचिनी प्रभृतींनी दाखवले की तारा जितका वेगाने स्वतःभोवती फिरतो तितके त्याचे क्ष-किरण जास्त. सायकलचा डायनामो आठवावा: चाक जोरात फिरले की दिवा उजळ. ताऱ्याच्या पोटातला विद्युतभारित वायू खदखदतो आणि फिरतो, त्यातून चुंबकत्व उत्पन्न होते आणि ते चुंबकत्व प्रभामंडल तापवते. पण ताऱ्यातून सतत वाहणारा वारा त्याची गिरकी हळूहळू खातो. स्कुमानिच यांनी १९७२ सालीच नियम सांगितला होता की वय चौपट झाले की वेग निम्मा होतो. म्हणजे क्ष-किरणांवरून ताऱ्याचे वय ताडता येते.

याची साक्ष आपल्या ओळखीची नक्षत्रे देतात. कृत्तिकांचा पुंजका सुमारे दहा-बारा कोटी वर्षांचा, म्हणजे तान्हा. त्यातील सूर्यासारखे तारे काही दिवसांतच एक फेरी पुरी करतात आणि सूर्याच्या शंभरपटींहून अधिक क्ष-किरण फेकतात. रोहिणीच्या भोवतीचा शकट साठ-सत्तर कोटी वर्षांचा. तेथे हा जोर ओसरू लागलेला. आणि २५ दिवसांत विषुववृत्तावर एक फेरी करणारा आपला सूर्य शांत झालेला संसारी गृहस्थ. अगदी तरुण तारे आपल्या एकूण तेजाचा हजारावा भाग क्ष-किरणांत खर्च करतात. सूर्य दहा लाखांत एखादाच भाग. म्हणजे तरुणपणी सूर्याचा दिसणारा प्रकाश आजच्यापेक्षा सुमारे तीस टक्के कमी होता, पण क्ष-किरण कितीतरी अधिक होते. त्याच काळात मंगळाचे बरेचसे वातावरण उडून गेले, असे २०१४ पासून त्याच्याभोवती फिरू लागलेल्या मेव्हन यानाच्या मोजमापांवरून दिसते. पृथ्वी त्यातून तगली म्हणून आपण येथे बसलो आहोत.

अकरा वर्षे थांबणारा माणूस

सूर्याचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि घटतात. या फेऱ्यात त्याचा एकूण प्रकाश फक्त हजारात एक भाग बदलतो. हे १९७८ नंतर उपग्रहांनीच सिद्ध केले. क्ष-किरण मात्र दहापटींहूनही अधिक बदलतात. इतर ताऱ्यांनाही असे फेरे असतात काय?

हा प्रश्न ओलिन विल्सन यांनी धसास लावला. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत मार्च १९६६ मध्ये त्यांनी सूर्यासारख्या ताऱ्यांतील कॅल्शियमच्या दोन रेषांचे तेज नियमाने मोजायला घेतले. चुंबकत्व वाढले की या रेषा उजळतात, आणि त्या जमिनीवरूनही दिसतात. या कामात झटपट काहीच मिळणार नव्हते. फेरा अकरा वर्षांचा, तर अकरा वर्षे थांबलेच पाहिजे. विल्सन थांबले. मधल्या काळात ते निवृत्तीच्या वयाला पोचले. १९७८ साली त्यांनी ९१ ताऱ्यांचा हिशेब मांडला: होय, ताऱ्यांना फेरे असतात. काहींचे सात वर्षांचे, काहींचे दहा. काही तारे अस्थिर, काही जवळजवळ निश्चल. पुढे इतरांनी हे काम २००३ पर्यंत चालवले. हंसातील एकसष्टावा तारा, ज्याचे अंतर १८३८ साली बेसेल यांनी मोजले, त्याचा सात वर्षांचा फेरा विल्सनच्या कॅल्शियमात आधी सापडला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी क्ष-किरणांतही जुळला. दोन वेगळी मापे एकमेकांची साक्ष देऊ लागली.

आपल्या देशानेही या कामात हात दिला आहे. मद्रास वेधशाळेचा वारसा पुढे कोडाईकनालकडे गेला. तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून कॅल्शियमच्याच प्रकाशात सूर्याची चित्रे घेतली गेली. शंभराहून अधिक वर्षांची ही हजेरी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ज्यांनी ती घेतली त्यांतील बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. परंतु ताऱ्यांच्या कॅल्शियमाचा अर्थ लावायचा तर सूर्याची ही वही उघडावीच लागते.

मित्राच्या बाबतीत एक प्रकार घडला तोही सांगण्यासारखा आहे. १० डिसेंबर १९९९ रोजी सोडलेल्या एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय उपग्रहाने पाहिले की २००३ ते २००५ या काळात मित्रातील मोठ्या ताऱ्याचे क्ष-किरण एकदम घटले. तारा जणू मालवला. पण त्याच वर्षी आकाशात गेलेल्या चंद्रा या दुर्बिणीने वेगळ्या साधनाने पाहिले, तेव्हा तारा जागच्या जागी होता. सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी हीच ती दुर्बीण. ताऱ्याचे प्रभामंडल थोडे थंडावले होते, आणि त्याचे मऊ किरण पहिल्या यंत्राच्या जाळीतून निसटत होते. चाळणीची भोके मोठी असली म्हणजे धान्य नाही असे होत नाही. बेकारांच्या गणतीत आम्ही हेच पाहत आलो. ज्याला व्याख्येतच बसवले नाही, तो गणतीत दिसत नाही.

आपला सूर्य कोणत्या रांगेत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाऊबंदांच्या रांगेत सूर्य कोठे उभा आहे? २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने दीड लाखाहून अधिक ताऱ्यांचे तेज चार वर्षे अखंड मोजले. २०२० साली गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांतून वय, तापमान आणि गिरकी यांत सूर्याशी जुळणारे ३६९ तारे निवडले. त्यांच्या तेजातील चढउतार सूर्याच्या सुमारे पाचपट निघाले. आपला सूर्य त्यांत विलक्षण शांत ठरला. ज्यांची गिरकी मोजता आली नाही असे आणखी पुष्कळ तारे सूर्याइतकेच शांत होते, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा हिशेब आला. सूर्यासारख्या ५६,४५० ताऱ्यांच्या केप्लर नोंदींत २,८८९ महास्फोट सापडले. सरासरीने प्रत्येक ताऱ्यावर शंभर वर्षांत एक. १८५९ साली सूर्यावर जो स्फोट झाला त्याने जगभरच्या तारायंत्रांचा गोंधळ उडवला होता. हे महास्फोट त्याहून कितीतरी मोठे. सूर्यही याच नियमाने वागतो काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण ज्या युगात वीज, दूरध्वनी, रुग्णालय आणि रेल्वे एका तारेत बांधलेली आहेत, त्या युगात हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाही. वीज गेली की पहिला फटका कोणाला बसतो, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको.

म्हणूनच आपल्याकडे चाललेल्या कामाचे मोल मोठे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहाच्या क्ष-किरण उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा हात आहे. २०१९ साली निघालेल्या चांद्रयान-२ वर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने केलेले एक लहानसे यंत्र सूर्याचे क्ष-किरण मोजत होते. त्या वेळी सूर्य शंभर वर्षांत क्वचितच झाला असेल इतका शांत होता. त्या शांततेतही अगदी बारीक स्फोट चालू असतात, हे त्याने नोंदले. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले आदित्य-एल१ पुढच्या जानेवारीत आपल्या जागी पोचले. त्यावरही क्ष-किरणांची दोन उपकरणे आहेत.

आरंभी चार प्रश्न मांडले होते. माप कोणी ठरवले, त्याचे उत्तर पॉगसनपासून लेव्हिटपर्यंतची माणसे आहेत, आणि त्यांत मोलकरीण होती, मदतनीस होते, कैदीही होते. कशाचे घेतले, याचे उत्तर दर पिढीला बदलत गेले: आधी डोळ्याला दिसले ते, मग कॅल्शियम, मग क्ष-किरण. किती काळ, याचे उत्तर विल्सन यांनी दिले. आणि मोजणाऱ्याच्या पदरात काय पडले, त्याचे उत्तर हार्वर्डच्या दैनंदिनीत लिहिलेले आहे.

या सर्वांतून आम्हांला एक गोष्ट दिसते. सूर्याचा भरवसा आपल्याला श्रद्धेने मिळालेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या रोजची हजेरी घेणाऱ्यांनी तो थोडा थोडा कमावून दिला आहे. असे काम एका वर्षाच्या अंदाजपत्रकात फळ दाखवत नाही, म्हणून काटकसरीची कात्री पहिल्यांदा त्यावरच येते. हजेरीपट एकदा बंद पडला की मधली वर्षे कोणत्याही पैशाने परत विकत घेता येत नाहीत. नागरिकांनी एवढे जरूर करावे. वेधशाळेचा किंवा प्रयोगशाळेचा खर्च कोणी वायफळ म्हणू लागला तर त्याला विचारावे की, बाबा रे, हे माप आज बंद केलेस तर अकरा वर्षांनी उत्तर कोणाकडे मागायचे? आणि त्याच दमात दुसरेही विचारावे, की जो ते माप घेतो आहे त्याची मजुरी वेळेवर पोचते ना?